चारशे पावलांवरचं कुरण

रेवीशी बोलायचं तर कुंपणापाशी उभं राहून बोलावं लागतं. घरात बसवा, समोर चहा ठेवा, हा गडी मुका. पण तारेवर कोपर टेकून, नजर मेंढ्यांवर ठेवून उभा राहिला की मग तो बोलतो, आणि तासभर बोलतो. कुठली लंगडतेय, कुठलीच्या पोटात जंत झालेत, कुठली यंदा जुळी देणार, हे त्याला शंभर पावलांवरून कळतं. माणसांचं मात्र त्याला काही कळत नाही, असं त्याची बायको म्हणायची. ती दहा वर्षांपूर्वी शहरात निघून गेली आणि ते रेवीला तिसऱ्या दिवशी कळलं, असं आमच्या खोऱ्यातले लोक सांगतात. लोकांना काय, सांगायला काहीतरी लागतं. त्याला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं, पण त्या आठवड्यात मेंढ्या व्यात होत्या.

रेवी चार वर्षांचा असताना त्याच्या आईनं त्याला आपल्या मोठ्या बहिणीच्या, मातेरोआच्या, ओटीत घातलं आणि ती कामासाठी ऑकलंडला गेली ती तिकडचीच झाली. मातेरोआला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा टीपेने आमच्या कुळाच्या सामाईक शेतीचा व्यवस्थापक. डोंगरावर दोनशे गुरं, खाली अडीच हजार मेंढ्या, आणि जमिनीचे मालक म्हणजे आम्हीच सगळे, मेलेले धरले तर सहा-सातशे नावं. टीपेने थकला तेव्हा ते काम रेवीकडे आलं. कुणी अर्ज मागवले नाहीत, कुणी हरकत घेतली नाही.

टीपेने काकानं चाळीस वर्षं एकच ध्यास घेतला होता. आमच्या किनाऱ्याला शरदात, म्हणजे इकडे मार्च-एप्रिलात, एक रोग येतो. चेहऱ्याचा रोग म्हणतात त्याला, पण नावच खोटं आहे. मार्चमध्ये उन्हाळ्यानं वाळलेल्या गवतावर कोमट झिमझिम पडली, की बुडाशी कुजलेल्या काड्यांत बुरशी धरते. मेंढी गवताबरोबर तिची बीजं खाते आणि विष जातं थेट यकृतात. वरून काही दिसत नाही. मेंढी चरते, रवंथ करते, छान दिसते. दोन-तीन आठवड्यांनी ऊन तिच्या कातडीला सोसेनासं होतं, कान सुजतात, चेहरा सोलून निघतो, आणि तोवर आत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. उपाय एकच, तोही आधी करायचा. जस्ताची मोठी गोळी घशाखाली उतरवायची, आणि पाऊस लागला की कळप उंचावरच्या आखूड गवतात न्यायचा. टीपेने काका दर शरदात ज्या मेंढ्या या रोगातून तरल्या त्यांचीच पिल्लं राखायचा. असं करत करत जी पिढी उभी राहिली, त्यातल्या सहाशे बारा दोनदाती, म्हणजे दीडेक वर्षांच्या, मेंढ्या यंदा पहिल्यांदाच एडक्याकडे जायच्या होत्या. पुढचा सगळा कळप त्यांच्या पोटातून यायचा होता.

जस्ताच्या गोळ्यांचे खोके फेब्रुवारीअखेरीसच शेडमध्ये येऊन पडले होते. पण काका अंथरुणाला खिळला होता, आणि रेवी दिवसभर त्याच्या उशाशी. मग एके दिवशी काकानंच त्याला पिटाळलं. रेवीनं पहाटे दोनदाती मेंढवाड्यात घातल्या, पहिलं खोकं फोडलं, गोळी घालायची नळी हातात घेतली, आणि फोन वाजला.

काका गेला होता.

रेवीनं नळी तिथंच ठेवली. कोंडलेल्या मेंढ्या दिवसभर पाण्याविना ठेवता येत नव्हत्या. मेंढवाड्याचं सगळ्यात जवळचं फाटक नदीकाठच्या सपाट कुरणात उघडतं. एडके सोडायच्या वेळेसाठी राखलेलं ते घोट्याएवढं गवत. संध्याकाळी येऊन वर डोंगरात नेऊ, असं म्हणून त्यानं फाटक उघडलं आणि कळप आत सोडला.

ती संध्याकाळ आलीच नाही. आमच्याकडे माणूस गेलं की त्याला मराएवर, कुळाच्या सभाघरात आणतात. तांगी म्हणतात त्याला. तीन दिवस उघडी पेटी मध्ये, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जवळची माणसं. लोक येत राहतात, रडतात, भाषणं करतात, मेलेल्याशी भांडतातसुद्धा. जवळच्यांनी पेटी सोडायची नाही. जेवायला सोडायची नाही, झोपायला सोडायची नाही. रेवी काकाच्या डोक्याशी बसला, मातेरोआ मावशी छातीशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र्यावर टपटप सुरू झाली. सभाघरातल्या बायकांनी वर पाहिलं आणि आभाळही रडतंय म्हणून डोळे पुसले. रेवीनं खिडकीबाहेर हात काढला. पाणी कोमट होतं.

कुरण सभाघरापासून चारशे पावलांवर होतं. खिडकीतून मेंढ्या दिसत होत्या, माना खाली घालून चरणाऱ्या. काम तासाभराचं. पण नुसतं फाटक उघडून कोवळं गवत सोडून कुठली मेंढी डोंगर चढेल? कुत्री हवीत, आणि कुत्री दोघांचंच ऐकत. त्यातला एक पेटीत होता. रेवी मावशीच्या कानाशी लागला आणि हळूच म्हणाला की तासाभरात येतो, मेंढ्या वर घालून.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याच्या हातावरचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "बस."

तो बसला. मावशीचं त्यानं कधी मोडलं नव्हतं, आणि समोर दोनशे माणसं होती. पाऊस त्या दिवशी पडला, तिसऱ्या दिवशीही पडला. चौथ्या दिवशी त्यांनी काकाला मातीत ठेवलं तेव्हा ऊन आलं होतं आणि जमिनीतून वाफा निघत होत्या.

जेवणाच्या पंगती उठायच्या आत रेवी काळ्या कपड्यांतच कुरणात होता. मेंढ्यांनी गवत बुडापर्यंत खरवडलं होतं. त्यानं कळप वर काढला, कात्रीनं उरलेलं गवत कापून पिशवी भरली आणि तशीच गावातल्या गुरांच्या दवाखान्यात पोचवली. डॉक्टरीण ब्रॉनिन बाई, गेली वीस वर्षं आमच्या खोऱ्यात फिरणारी. तिनं भिंग लावून बीजं मोजली, परत मोजली. ग्रॅमभर गवतात साठ हजाराच्या वर गेलं की आम्ही घाबरतो. आकडा पावणेचार लाखांवर होता.

रेवीनं विचारलं, आज गोळ्या घातल्या तर?

"उद्यापासून वाचतील," बाई म्हणाली. "कालपासून नाही वाचणार."

तरी त्यानं घातल्या. सहाशे बारा मेंढ्यांची तोंडं एकट्यानं उघडली, दोन दिवस. हाताची सालटी निघाली. शेजारचे मदतीला येतो म्हणाले, त्यानं नको म्हटलं. काय करणार माणूस? नुसतं बसून राहणं त्याला आता शक्यच नव्हतं. तीन दिवस बसून झालं होतं.

मग सुरू झालं वाट बघणं. असं वाट बघणं शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. रोज उजाडताच रेवी त्या कळपात. एकेकीचे कान बघायचे. खाली पडलेत का? लाल झालेत का? मेंढ्या ठणठणीत. लोकर दाट, पाठी रुंद. वाटेनं जाणारा म्हणायचा, काय सुरेख जनावरं आहेत रे, काकाचं नाव राखलंस. रेवी मान हलवायचा आणि दुसरीकडे बघायचा. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. एखाद्या सकाळी त्याला वाटायचं, काकाची पैदास आहे, चाळीस वर्षांची मेहनत आहे, काही होणार नाही. दुपारपर्यंत ते वाटणं टिकायचं नाही.

सतराव्या दिवशी मावशीनं घरासाठी एक मेंढी मागितली. लांबचे नातलग भेटीला यायचे होते. खाण्यासाठी म्हाताऱ्या मेंढ्या वेगळ्या काढलेल्या असतात, दोनदाती कुणी कापत नाही. रेवीनं दोनदातीच कापली. त्याला आत काय आहे ते बघायचं होतं, पण पोट फाडल्यावर त्याच्यानं बघवेना. त्यानं अवयवांचं भांडं तसंच झाकून मावशीच्या ओट्यावर ठेवलं आणि दारात पाठमोरा उभा राहिला.

मावशीनं त्या घरात चाळीस वर्षं कलेजी कांद्यावर परतली आहे. तिनं झाकण काढलं. कांदा चिरणारी सुरी थांबली.

"ही कुठली?" ती म्हणाली.

"खालच्या कुरणातली."

तिनं कलेजी नळाखाली धरली. पिवळट हिरवे डाग होते, आणि आतल्या नळ्या जाड, पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं ती बोटानं दाबून पाहिली, परत भांड्यात ठेवली, आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. मेंढी वरून कशी होती, असं तिनं विचारलं. रेवी म्हणाला, कळपात सगळ्यात चांगली. कलेजी कुत्र्यांनाही घातली नाही, रेवीनं ती पुरली.

दोन दिवसांनी ऊन कडक पडलं आणि मेंढ्या कुंपणाच्या खांबांच्या सावलीत डोकी खुपसायला लागल्या. बोटभर रुंद सावली, तीत तीन-तीन डोकी. मग कान लोंबले. मग डोळ्यांभोवती, नाकावर कातडी ओली झाली, सुकून खपली धरली, खपली घासून घासून निघाली. त्या पाय आपटत, डोकी तारेवर घासत, चरायचं सोडून देत. रेवीनं लोकर कातरायच्या शेडच्या खिडक्यांना पोती ठोकली आणि जमतील तेवढ्या आजारी मेंढ्या दिवसभर अंधारात कोंडल्या, संध्याकाळी चरायला सोडल्या. चेहऱ्यांना मलम लावलं. कुत्री बांधून ठेवली, त्या जिवांना आता पळवणंही पाप होतं. ज्या वाचणारच नव्हत्या, त्यांना त्यानं स्वतः बंदुकीची गोळी घातली. पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस. प्रत्येकीच्या मानेवर आधी हात ठेवायचा, मग बंदूक. तो बारीक झाला. ब्रॉनिन बाई एकदा त्याला ओरडलीच, की मेंढ्यांआधी तुमचं रक्त तपासायला हवं.

तपासलं मेंढ्यांचं. सगळ्यांचं. कारण खरी मेख पुढेच होती. ज्या वरून धड दिसत होत्या, त्यांचंही यकृत निम्मं गेलेलं असू शकत होतं. अशी मेंढी हिवाळा काढते. एडक्याकडे जाते, गाभण राहते, आणि ऑगस्टमध्ये पोटातली दोन पिल्लं ओढायला लागली की बसते ती उठत नाही. तीन जीव एकदम जातात. आकडे आले तेव्हा बाईनं कागद रेवीच्या हातात दिला नाही, तोंडीच सांगितलं. उरलेल्या सुमारे पाचशे सत्तरांतल्या एकशे अठरा निर्दोष. बाकीच्या ज्यांच्या कातडीला जखम नाही त्या आत्ताच, अंगावर मांस आहे तोवर, खाटीकखान्यात पाठवाव्यात. राखणं म्हणजे त्यांना ऑगस्टपर्यंत मारत ठेवणं.

रेवी म्हणाला, "काहीच नाही का करता येत?"

"तेव्हा करता आलं असतं," बाई म्हणाली आणि लगेच तिला आपण बोललो त्याचं वाईट वाटलं.

एवढी जनावरं पाठवायची तर मालकांना विचारायला हवं. समितीची बैठक त्याच सभाघरात भरली. समितीचे सात, आणि आम्ही बघे पन्नासेक. अध्यक्ष पाराटेने आजोबा, नव्वदीला टेकलेले, आवाज अजून खणखणीत. ब्रॉनिन बाईनं सगळं समजावून सांगितलं. मग आजोबांनी साधाच प्रश्न विचारला, जो आम्ही सगळेच महिनाभर पाठीमागे विचारत होतो. पाऊस लागलाय हे दिसत असताना कळप चार दिवस त्या कुरणात राहिला कसा?

रेवी उभा राहिला. तो खाली बघत होता. "विसरलो," तो म्हणाला.

चूक झाली म्हणाला असता, दुःखात होतो म्हणाला असता, तर कुणी तोंड उघडलं नसतं. पण मेंढ्या विसरलो, असं रेवीनं म्हणावं? मागून कुणीतरी च्च केलं. समितीतला एक तरुण म्हणाला की मग आता नवा व्यवस्थापक बघायला हवा. रेवीनं मान डोलावली. त्याला ते मान्य होतं. त्याला त्या क्षणी काहीही मान्य होतं.

तेव्हा मातेरोआ मावशी उठली. तांगीपासून ती घराबाहेर पडली नव्हती.

"खोटं बोलतोय हा," ती म्हणाली. "यानं मला विचारलं होतं. भर दुपारी, पेटीपाशी, कानाशी लागून. मी म्हटलं, बस."

पाराटेने आजोबा तिला समजावू लागले की आता ते उकरून काय उपयोग, तू शोकात होतीस.

"थांबा आजोबा. तुमचंच नाव घेणार आहे मी." ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "टीपेनेची आई इथंच ठेवली होती. हा पोरगा आमच्याकडे यायच्या आधीची गोष्ट. बाहेर असाच पाऊस लागला. टीपेने उठला, मेंढ्या वर घालून आला, भिजलेल्या कपड्यांनी आईपाशी बसला. त्या वर्षी त्याची एक मेंढी मेली नाही. आणि तुम्ही सगळ्यांदेखत काय म्हणालात? म्हणालात, हा बाईच्या पोटचा नाही, मेंढीच्या पोटचा आहे. लोक हसले. मेलेल्या आईसमोर हसले. त्यानंतर या सभाघरात तो मरेपर्यंत एकदाही बोलायला उभा राहिला नाही. मला वाटलं, माझ्या पोराच्या वाट्याला तरी ते नको." तिनं मागच्या लोकांकडे पाहिलं. "तो उठला, त्याला बोललात. हा बसला, आता याला बोला."

दुपारी खिडकीबाहेर हात काढणाऱ्या रेवीला त्या दिवशी मी पाहिलं होतं. हा उठून गेला असता तर सगळ्यात आधी कुजबुजणाऱ्यांत मी असतो, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. आजोबांनी काठीवर हनुवटी टेकली. शेवटी ते म्हणाले की ट्रक बोलवा, आणि व्यवस्थापक आहे तोच राहील. मग त्यांनी मावशीचा हात धरायला हात पुढे केला. तो तिनं धरला नाही.

रेवी मात्र त्या कशानंच सुटला नाही, उलट जास्तच अडकला. काकाला भाषणाचा कंटाळा म्हणून तो स्वयंपाकघराच्या बाजूला बसतो, असंच रेवी जन्मभर समजत होता. तीन दिवस तो बसला, ते काकासाठी बसला, महिनाभर स्वतःला एवढंच सांगून त्यानं दिवस ढकलले होते. काका स्वतः आईपासून उठून गेला होता हे कळल्यावर आता तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आले. चार मजली, जाळीचे. मेंढ्या फळीवरून चढताना खुरांचा आवाज येत होता आणि त्या वरून इतक्या सुरेख दिसत होत्या की ट्रकवालाही म्हणाला, एवढ्या चांगल्या का पाठवताय? रेवीनं पुढच्या मेंढ्या फळीवर ढकलल्या. शेवटच्या ट्रकच्या वेळी मावशी चालत आली. चारशे पावलं ओलांडून, काळ्या कपड्यांत. ती कुंपणापाशी त्याच्या शेजारी उभी राहिली आणि दोघं मेंढ्यांकडे बघत राहिले.

"रागावलास माझ्यावर?" तिनं विचारलं.

रेवीनं नकारार्थी मान हलवली. मग कुंपणाच्या तारेकडे बघत तो म्हणाला, "मावशी, काकानं मला जाऊ दिलं असतं ना?"

खोटं बोलावं असं तिला एकदा वाटलं असावं.

"जाऊ दिलं असतं?" ती म्हणाली. "पेटीतून उठून हाकललं असतं त्यानं तुला."

रेवीनं तारेवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले, आवाज मात्र आला नाही. ट्रकवाला मागची झडप लावायला मदत मागत होता. मावशीच गेली आणि तिनं ती लावली.